डाएट चार्टचे पाचशे जास्त वाटतात, मग फी कशाची मागू?

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणारी ३१ वर्षांची, पश्चिम महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याच्या गावी डाएटिशियन. एम.एस्सी. झालंय, आरडीची (रजिस्टर्ड डाएटिशियनची) परीक्षा पास आहे. मंगळवार आणि शुक्रवार एका फिजिशियन डॉक्टरांच्या ओपीडीत बसते. पेशंटकडून चार्टचे ५०० रुपये घेतात, ते डॉक्टरांच्या काउंटरवर जमा होतात आणि त्यातले २०० "सरांचे". बहुतेक पेशंट वजन नाहीतर शुगरवाले. एकदा चार्ट नेला की परत येत नाहीत, पण व्हॉट्सॅपवर तीन तीन महिने प्रश्न विचारतात, रात्री साडेदहालासुद्धा. आता एक प्रोटीन पावडर कंपनीचा माणूस मागे लागलाय, डब्यामागे ३० टक्के देतो म्हणतो. सासूबाई म्हणतात, "खायचं काय ते सांगायचे कसले गं पैसे?" आणि न्यू जर्सीतली कॉलेजची मैत्रीण म्हणते की तिकडे सगळं इन्शुरन्स देतो, पैसे मागायची लाजच नाही. हिचा प्रश्न: फी वाढवू, पावडर ठेवू, की हे सोडून सरळ नोकरी धरू? आणि एक वाक्य तिने दोनदा लिहिलंय, "मला पैसे मागताना भिकाऱ्यासारखं वाटतं."

प्रिय मैत्रिणी,

तुला तू म्हणते हां, माझ्या भाचीच्या वयाची आहेस.

आधी एक कबुली. चार वर्षांपूर्वी माझी शुगर बॉर्डरवर आली म्हणून मी पण एका डाएटिशियनकडे गेले होते. सात मिनिटं बसले असेन. तिने वजन घेतलं, उंची विचारली, कॉम्प्युटरवर एक बटण दाबलं आणि प्रिंट हातात. त्यात ब्रोकोली, ऑलिव्ह ऑइल, सकाळी ओट्स. मला तिने विचारलंच नाही की घरात स्वयंपाक कोण करतं, उपास किती धरते, भाकरी की चपाती. बाहेर काउंटरवर ८०० रुपये फी, आणि पिशवीत पावडरचा एक डबा, तो कोणी सांगितला तेच कळलं नाही. तो चार्ट मी मसाल्याच्या डब्याखाली अंथरला, खरंच सांगते. पुन्हा गेले नाही. म्हणजे तुझे पेशंट का परत येत नाहीत याबद्दल मी पलीकडच्या खुर्चीवरून बोलतेय असं समज.

तू लिहिलंयस की लोकांना सल्ल्याचे पैसे द्यायचे नसतात. मला हे तेवढंसं पटत नाही. मार्च २०२५ मध्ये शुगर आणि वजनासाठीचं मौंजारोचं इंजेक्शन आपल्याकडे आलं तेव्हा सुरुवातीच्या डोसची एक बाटली ३,५०० रुपयांना होती, आठवड्याला एक, म्हणजे महिन्याला १४,०००. ते घेणारे लोक तुझ्याच गावात आहेत, बघ विचारून. जिमची वर्षाची फी लोक एकरकमी भरतात आणि फेब्रुवारीत जायचं बंद करतात. वजनासाठी पैसे निघतात गं, कागदासाठी निघत नाहीत. कारण कागद फुकट मिळतो, डाएट चार्टची पीडीएफ प्रत्येक फॅमिली ग्रुपवर फिरतेय. आणि आपल्या महाराष्ट्रात तर डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी दिवसातून दोनदाच आणि ५५ मिनिटांच्या आत जेवा हे घराघरात पोचवलं, तेही फुकट. ती पद्धत कोणाला चालते कोणाला नाही हा वाद तुमच्यात चालू दे, मी त्यात पडत नाही, पण 'काय खायचं' ही माहिती आता कोणी विकत घेणार नाही एवढं त्यातून घे. आणि तू नेमकी तीच विकायला बसलीयेस, ५०० रुपयांना एक कागद.

जरा तुझाच हिशोब तुला करून दाखवते. पहिली भेट एक तास (तूच लिहिलंयस की तू तासभर बोलतेस, शाब्बास). चार्ट बनवायला पाऊण तास. मग तीन महिने व्हॉट्सॅप, आठवड्याला पंधरा मिनिटं धरली तरी बारा आठवड्यांचे तीन तास. झाले पावणेपाच तास. तुझ्या हातात ३०० रुपये. तासाला ६३ रुपये पडले. आणि या पावणेपाच तासांतले पैसे कशाचे मिळाले? कागदाचे. खरं काम, म्हणजे तो माणूस गणपतीत मोदक खाऊन आला, मग चार दिवस उपाशी राहिला, मग वैतागून सगळं सोडलं आणि तू त्याला परत वळणावर आणलंस, ते काम सगळं फुकटात, रात्री साडेदहाला.

याचं एक कारण मला वाटतं तू ओपीडीत बसतेस म्हणून डॉक्टरांची पद्धत आपोआप उचललीस. डॉक्टर एकदा फी घेतात आणि सात दिवसांत परत दाखवायला आलं तर फ्री. त्यांचं ठीक आहे, निदान झालं, गोळी लिहिली, बरंचसं काम पहिल्या भेटीत संपलं. तुझं काम दुसऱ्या भेटीपासून सुरू होतं आणि नेमकं तिथून पुढचं तू मोफत ठेवलंयस.

आता तुझ्या न्यू जर्सीच्या मैत्रिणीकडे येऊ, कारण तिचं ऐकून तुला वाटतंय की तिकडे सगळं गुळगुळीत आहे. तिचे पेशंट खाजगी इन्शुरन्सचे असतील तर प्रत्येक कंपनीचे नियम वेगळे. पण ६५ च्या पुढच्यांसाठीचा जो सरकारी विमा आहे, मेडिकेअर, त्याचं बघ. तो डाएटिशियनला आहारोपचाराचे पैसे देतो, पण पेशंटला डायबेटिस असेल, किडनीचा आजार असेल, किंवा किडनी बदलून ३६ महिने झाले नसतील तरच, आणि तेही डॉक्टरांनी पाठवलं तर. पहिल्या वर्षी ३ तास, पुढे दरवर्षी २ तास. नुसतं वजन जास्त आहे म्हणून त्यात काही बसत नाही. लठ्ठपणाच्या समुपदेशनाचं वेगळं कलम २०११ च्या नोव्हेंबरात आलं, बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ३० किंवा वर असेल तर, आणि ते फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यातच व्हायला पाहिजे. गंमत म्हणजे त्यात डाएटिशियन स्वतःच्या नावाने बिल लावूच शकत नाही, डॉक्टरच्या हाताखाली काम करायचं आणि बिल डॉक्टरच्या नावाने. काय, ओळखीचं वाटतंय ना? आणि आहारोपचारात जिथे तिच्या नावाने बिल लागतं तिथेही डॉक्टरच्या दराच्या ८५ टक्केच. तेव्हा तिकडे लाज नाही हे खरं असेल, पण कटकट भरपूर आहे.

तरी त्या पद्धतीतल्या दोन गोष्टी मला घेण्यासारख्या वाटतात. पैसे पंधरा पंधरा मिनिटांच्या मापाने मिळतात, कागदाचे नाही. आणि लठ्ठपणाच्या कलमात भेटींची रचना ठरलेली: पहिला महिना दर आठवड्याला, मग सहाव्या महिन्यापर्यंत पंधरवड्याला, मग वर्ष संपेपर्यंत महिन्याला एक, मिळून २२ पर्यंत भेटी. म्हणजे पैसे देणाऱ्याने मान्य केलंय की हे काम एका भेटीत होत नाही. हे तू तुझ्या पेशंटला पहिल्याच दिवशी सांगायला पाहिजे आणि सांगत नाहीस.

तिसरी गोष्ट मात्र घेऊ नकोस. त्या लठ्ठपणाच्या कलमात अशी अट आहे की पहिल्या सहा महिन्यांत निदान ३ किलो उतरले तरच पुढच्या महिन्याच्या भेटींचे पैसे मिळणार. आपल्याकडे तेच लोक वेगळ्या तोंडाने म्हणतात, "मॅडम, पाच किलो उतरले तर देतो पैसे." नाही म्हण. एक तर थायरॉइड, पीसीओएस, शुगरच्या काही गोळ्या यांनी वजन हलता हलत नाही आणि तो तुझा दोष नाही. दुसरं म्हणजे एकदा किलोवर पैसे ठरले की पेशंट वजनाच्या आदल्या दिवशी पाणीसुद्धा पिणार नाही, आणि खोटं कशाला बोलू, तूही त्याला थोडं जास्तच उपाशी ठेवायला लागशील. आणि जो अजिबात उतरत नाही, ज्याला तुझी सगळ्यात जास्त गरज आहे, तो तुला नकोसा होईल.

आपल्याकडचा इन्शुरन्स देईल का, हेही तू विचारलंयस. सध्या फारशी आशा धरू नकोस. आपले आरोग्य विमे मुळात ॲडमिट होण्याभोवती बांधलेले, महात्मा फुले योजना आणि आयुष्मानसुद्धा दाखल पेशंटच्या उपचारांसाठी. वजनाबद्दल तर बहुतेक पॉलिसींमध्ये एक ठरलेलं कलम असतं, वगळलेल्या गोष्टींच्या यादीत सहावं. त्यात म्हटलंय की वजन कमी करायच्या ऑपरेशनचे पैसे मिळतील, पण वय १८ किंवा जास्त पाहिजे, बीएमआय ४० किंवा जास्त पाहिजे, किंवा ३५ आणि सोबत हृदयविकार, आटोक्यात नसलेला डायबेटिस, झोपेत श्वास अडकणं असं काहीतरी गंभीर, आणि वजन कमी करायचे कमी त्रासाचे उपाय करून फसलेले पाहिजेत. हे शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. कमी त्रासाचे उपाय म्हणजे कोण? तूच की! म्हणजे तू फसलीस तर ते ऑपरेशनचे काही लाख देणार, आणि तू यशस्वी व्हावीस म्हणून छदाम नाही. बरं, काही पॉलिसींना ओपीडीचं कव्हर असतं, काही कंपन्या कर्मचाऱ्यांना तसं देतात. म्हणून एक सवय लाव, प्रत्येकाला स्वतःच्या नावाचं नीट बिल दे, तारीख, पेशंटचं नाव, तुझी डिग्री आणि आरडी नंबर, कशासाठी सल्ला दिला ते, आणि डॉक्टरांची चिठ्ठी जोडायला सांग. दहातल्या एकाला पैसे मिळाले तरी तो बाकी नऊ जणांना सांगेल.

आता सरांचे २०० रुपये. इथे मी जरा कडक बोलणार आहे. तू लिहिलंयस "सगळीकडे असंच चालतं". चालतं, माहितीये, कट प्रॅक्टिस हा शब्द आपल्या पोरांनासुद्धा माहितीये. पण डॉक्टरांच्या वर्तनाचे जे २००२ चे नियम आहेत त्यात पेशंट पाठवण्याच्या बदल्यात कमिशन देणं घेणं दोन्ही मना आहे. म्हणजे सर अडचणीत येऊ शकतात, आणि त्यांना बहुधा हे तुझ्यापेक्षा जास्त चांगलं माहितीये. सर वाईट आहेत असं मी म्हणत नाही, जागा त्यांची, एसी त्यांचा, काउंटरवरची मुलगी त्यांची, खर्च आहेच. पण त्याचं भाडं असतं, टक्का नसतो. फरक असा की भाडं महिन्याला ठरलेलं, पेशंट दोन येवोत नाहीतर वीस. टक्का असला की प्रत्येक पेशंटमागे त्यांचा हिस्सा, मग ज्याला गरज नाही त्यालाही "मॅडमना भेटून जा" होणार. तू सरळ जाऊन म्हण, "सर, मी महिन्याला आठ वेळा बसते, दर वेळी तीन तास खोली वापरते, त्याचं भाडं आपण ठरवूया, आणि माझी फी माझ्या बिलावर मी घेते." घाबरतेस ना? मग दुसरा पर्याय दे: सरांनी तुला दर बैठकीचं ठरलेलं मानधन द्यावं आणि पेशंटकडून काय घ्यायचं ते त्यांनी बघावं. यात तुला पैसे मागायची वेळच येणार नाही, फक्त वरचा फायदाही त्यांचा. दोन्हीतलं काही झालं तर चार ओळी कागदावर लिहून घे. आणि दोन्हीला नाही म्हणाले, तर निदान तुला कळेल की त्यांना डाएटिशियन हवी होती की काउंटर. मानधन एखाद्या हॉस्पिटलकडून मिळणार असेल तर वर्षाला ५०,००० च्या पुढे गेलं की ते १० टक्के टीडीएस कापतील, तो रिटर्न भरून परत मागता येतो, तुझं उत्पन्न बघता बहुतेक सगळा परत येईल. माझ्या ओळखीत दोघी जणी कित्येक वर्षं ते पैसे तसेच सोडत होत्या! जीएसटीची काळजी आत्ता नको, वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सहसा नोंदणी लागत नाही.

पावडर. तू लिहिलंयस "फी कमीच ठेवते आणि डब्यातून भरून काढते, पेशंटलाही बोजा नाही". यातला शेवटचा तुकडा परत वाच बघू. समजा डबा १,८०० चा, तुझे ३० टक्के म्हणजे ५४० रुपये. एका डब्यात, दोन मिनिटांत, तुझ्या एका तासाच्या बोलण्यापेक्षा जास्त. तू कितीही प्रामाणिक अस, सहा महिन्यांनी तुझा हात आपोआप डब्याकडे जाईल, माझ्या त्या डाएटिशियनचा गेला तसा. पैसे शेवटी पेशंटच देणार आहे गं, फक्त त्याला कळणार नाही कशाचे दिले. आणि राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराची जी मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यात स्नायू वाढवायला प्रोटीन सप्लिमेंट घेऊ नका, चांगलं प्रोटीन अन्नातूनच मिळवा असं सरळ म्हटलंय, ते तू शिकताना वाचलं नसशील तर आता वाच. ज्याला खरंच लागते, डायलिसिसवाले, कॅन्सरवाले, जेवणच न जाणारी म्हातारी माणसं, त्यांना नाव लिहून दे, ते मेडिकलमधून आणतील. तुझ्या टेबलावर डबा नको. आणि कंपनीवाल्याने "महिन्यात १० किलो" असं पोस्टर दवाखान्यात लावायला दिलं तर तेही परत कर. औषधांच्या फसव्या जाहिरातींचा १९५४ चा कायदा आहे, त्यात ज्या आजारांवर औषधाची जाहिरातच करायची नाही त्या यादीत लठ्ठपणा पण आहे आणि मधुमेह पण. त्यांची पावडर त्यात बसते की नाही हा त्यांच्या वकिलाचा प्रश्न, तुझं नाव त्या भिंतीवर कशाला.

मग फी किती आणि कशी? हे मी माझ्या मनाने सांगते, गावाप्रमाणे आकडे हलव. चार्ट विकणं बंद. पहिली भेट तासाची, ६००. त्याच भेटीत सांगायचं की हे तीन महिन्यांचं काम आहे, पहिला महिना दर आठवड्याला वीस मिनिटं, पुढे पंधरा दिवसांनी एकदा, पहिली धरून ९ भेटी, सगळे मिळून ३,०००, दोन हप्त्यांत, आणि पहिल्या भेटीचे ६०० त्यात वळते. लिहून दिलेला चार्ट त्यातच, तोही एकदम नाही, पहिल्या आठवड्यात फक्त नाश्ता आणि चहा बदलायचा. चार्टचा पाऊण तास धरून आणि व्हॉट्सॅप सोडून तुझे पावणेपाचाचे साडेचार तास होतील, पण तासाला साडेसहाशेच्या वर पडतील. ज्याला एकच भेट हवी त्याने ६०० देऊन जावं, राग नाही. व्हॉट्सॅप पॅकेजवाल्यांनाच, संध्याकाळी ६ ते ७, ताटाचा फोटो पाठवायचा आणि तू एका ओळीत उत्तर द्यायचं. साडेदहाच्या मेसेजला सकाळी उत्तर दे. सुरुवातीला तुला अपराधी वाटेल, आठवड्याभरात जातं.

आणि ज्याला ३,००० झेपत नाहीत? तुझी काळजी मला कळते, रिक्षावाल्याला, घरकाम करणाऱ्या बाईला शुगर होतेच, उलट त्यांचं खाणं जास्त अडचणीचं. त्यासाठी भिशी कर. खरंच, भिशीसारखं. महिन्यातून दोनदा, आठ दहा जणी, दीड तास, माणशी १५०. आठ जणी आल्या तरी १,२०० होतात. (त्या मेडिकेअरमध्ये पण गटाच्या भेटीचा वेगळा दर आहे, ही काही माझ्या डोक्यातली शक्कल नाही.) एकीने संकष्टीची साबुदाणा खिचडी आणायची, तू तिथेच दाखवायचं की किती आणि सोबत काय, दुसरी म्हणेल आमच्याकडे दुपारची शिळी भाकरी आणि चटणी असते मग काय करू, आणि त्याचं उत्तर बाकी सातजणी ऐकतील. माझा अनुभव आहे, एकटीला सांगितलेलं बाई घरी जाऊन विसरते, चारचौघींत कबूल केलेलं विसरत नाही. ज्यांना १५० पण नाहीत त्यांना तसंच बसव, प्रत्येक गटात दोन जागा, कोणाला सांगायचं नाही कोणाच्या.

नोकरीचं म्हणशील तर तो काही पराभव नाही. मोठ्या हॉस्पिटलांना एनएबीएच हे दर्जाचं मानांकन हवं असतं, त्यात दाखल पेशंटचं पोषण तपासावं लागतं, म्हणून डाएटिशियन ठेवतात, आणि तिथे पगार खोलीच्या बिलातून, पॅकेजमधून निघतो, पेशंटच्या तोंडावर पैसे मागायला लागत नाहीत. तुला नेमकं तेच मागणं जड जातंय तर दोन वर्षं तिकडे जाऊन येणं चांगलंच. मात्र तिकडे तुझा दिवस मिठाशिवायचं आणि पातळ जेवण कोणाला गेलं ते बघण्यात जाईल, आणि वजनवाल्या माणसाशी तीन महिने बोलायचं जे तुला आवडतं (पत्रात त्याच दोन परिच्छेदांत तुझं अक्षर मोठं झालंय) ते कमी होईल. गावात एमआयडीसी असेल तर तिसराही रस्ता आहे, कंपन्यांमध्ये कॅन्टीनचा मेनू बघायला, कामगारांच्या तपासणीनंतर बोलायला बोलावतात. तिथे पैसे कंपनी देते, फक्त आधी पत्र देऊन दर ठरव, "बघू नंतर" वर जाऊ नकोस.

राहता राहिलं भिकाऱ्यासारखं वाटणं. मला वाटतं ते पैशाचं नाहीच. तू तासभर मनापासून बोलतेस आणि मग काउंटरवरची मुलगी ५०० मागते, आणि पेशंट तुझ्याकडे वळून म्हणतो "नुसत्या चार्टचे?" आणि तुझ्याकडे उत्तर नसतं, कारण बिलावर खरंच 'डाएट चार्ट' असं लिहिलंय. ते बिल आधी बदल. 'आहार समुपदेशन, ६० मिनिटं' असं छाप. आणि आकडा तू स्वतः सांग, भेट सुरू होण्याआधी, फोनवर वेळ देतानाच. आधी सांगितलं की शेवटी मागायला लागत नाही.

सासूबाईंचं काय करायचं विचारशील. पत्रात तूच लिहिलंयस की त्या गुडघ्यांसाठी काय खाऊ म्हणून रोज विचारतात आणि तू रोज सांगतेस आणि त्या ऐकत नाहीत. पहिल्या भिशीत त्यांना बसव. १५० घे.